कादंबरी अडते तेव्हा नेमकं काय अडतं?

वाचकांचे प्रश्न : पहिली कादंबरी

पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांत ‘मला हे बहुतेक जमणारच नाही’ हे वाक्य इतक्यांदा आलं, की छापताना ते सरसकट गाळलं आहे. त्या वाक्याला उत्तर नसतं. त्याच्या आगेमागे जी अडचण लिहिलेली असते, तिला असतं. पत्रं मुद्द्यापुरती घेतली आहेत आणि नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो. कादंबरी ३५ हजार शब्दांपर्यंत जाते आणि थांबते. मग वाटतं, सुरुवातच चुकली. पुन्हा पहिल्या प्रकरणापासून लिहायला घेतो आणि त्याच जागी येऊन थांबतो. पहिली पाच प्रकरणं आता तोंडपाठ झाली आहेत. सहावं काही होत नाही.
— एक वाचक, लातूर

उत्तर : सुरुवात चुकली असेलही, पण ते आत्ता कळणार नाही. सुरुवातीनं कशाची तयारी करून ठेवायची, हे शेवट लिहून होईपर्यंत लेखकालाच पुरतं माहीत नसतं. म्हणून पहिल्या पाच प्रकरणांची एक छापील प्रत काढा, फाइलच्या नावात तारीख घाला आणि पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत ती उघडू नका. तोंडपाठ झालेली वाक्यं आणखी एका कारणानं घातक असतात : ती कापवत नाहीत. आणि पुनर्लेखनात सगळ्यात जास्त कात्री लागते ती बहुतेक वेळा पहिल्या वीस-तीस पानांनाच.

आता ३५ हजारांवरच का अडतं ते बघू. साठ हजार शब्दांची कादंबरी डेमी आकारात सुमारे २४० पानांची होते, म्हणजे तुम्ही निम्म्याच्या थोडं पुढे आहात. इथवर मजकूर चालतो तो ओळख करून देण्यावर. गाव येतं, घर येतं, माणसं येतात, त्यांचा भूतकाळ येतो. हा साठा निम्म्यापाशी संपतो. त्यापुढे पात्रं एकमेकांना काय करतात, एवढंच उरतं. मुख्य पात्राला काही हवंच नसेल, किंवा हवं असलेलं मिळू नये म्हणून आड कोणीच येत नसेल, तर लिहिण्यासारखं खरोखरच काही उरलेलं नसतं. तुम्हाला सुचत नाही, हा त्याचा परिणाम आहे. कारण आधीच्या पानांत आहे.

ते शोधायचं असं. आतापर्यंतचे सगळे प्रसंग पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर उतरवा, एका कागदावर एक प्रसंग. प्रत्येकावर चार ओळी : स्थळ आणि काळ, कोणाला काय हवं आहे, आड कोण येतं, आणि प्रसंग संपताना काय बदललेलं असतं. ३५ हजार शब्दांत साधारण पंचवीस ते तीस कागद होतील. मग फक्त चौथी ओळ वाचत जा. सलग तीन कागदांवर ती रिकामी असेल किंवा ‘तो अस्वस्थ झाला’ एवढीच असेल, तर कादंबरी तिथे थांबली आहे. पुष्कळदा ही जागा लेखक थांबला त्याच्या दहा-बारा हजार शब्द आधी सापडते. मधली पानं नुसत्या वेगावर लिहिली गेलेली असतात.

पहिल्या कादंबऱ्यांत एक दोष फार दिसतो. नायक बघतो, सोसतो, आठवतो, पण ठरवत काही नाही. समजा, तुमचा नायक बँकेतच आहे. शाखाधिकारी एक संशयास्पद कर्ज मंजूर करतो, नायकाला ते खटकतं, तो घरी येऊन गच्चीत उभा राहतो. प्रसंग संपला, बदललं काहीच नाही. आता त्याच कर्जाच्या कागदांवर नायकाची सही लागणार आहे आणि कर्जदार त्याच्या मेहुण्याचा भागीदार आहे, असं करून बघा. सही केली तरी पुढे चाळीस पानं आहेत, नाही केली तरी आहेत.

दोष सापडला की मागे जाऊन दुरुस्त करायचा मोह होईल. करू नका. एक दुरुस्तीवही ठेवा. तिच्यात ‘प्रकरण ३ : मेहुण्याचा भागीदार आणायचा’ असं लिहा आणि सहावं प्रकरण, ती दुरुस्ती झालेलीच आहे असं धरून लिहा. पाचव्या प्रकरणात शिक्षक असलेला भाऊ सहाव्यात वकील झाला तरी चालतं. पहिला खर्डा तुमच्याशिवाय कोणी वाचणार नाही. तपशील माहीत नसेल तिथे चौकटी कंसात ‘इथे तारणाची कार्यपद्धत’ अशी खूण करा आणि पुढे चला. नंतर शोधायला तो कंस सोयीचा पडतो. आणि रोज उठताना प्रसंग पुरा करून उठू नका. संवाद अर्ध्यावर असताना, पुढचं वाक्य माहीत असताना उठा.

प्रश्न : शाळा, घर, सासूबाईंचं दुखणं. रात्री अर्धा-पाऊण तास मिळतो. आठवडाभर खंड पडला की पात्रांची नावंसुद्धा परकी वाटतात. ‘रोज हजार शब्द लिहा’ असं सगळीकडे वाचते आणि मन आणखीच खचतं.
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : हजार शब्दांचा सल्ला ज्यांच्याकडे सलग तीन तास आहेत त्यांच्यासाठी ठीक आहे. तुमचा हिशेब वेगळा : रोज ३०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, चाळीस आठवडे. झाले साठ हजार. वर्षाचे बारा आठवडे परीक्षा, गणपती आणि आजारपणाला मोकळे ठेवूनही. ३०० शब्द म्हणजे छापील सव्वा पान. ते पाऊण तासात होतं, फक्त बसल्यावर ‘आज काय लिहायचं’ हा विचार करावा लागता कामा नये.

तो विचार आदल्या रात्रीच करून ठेवायचा. उठण्याआधी शेवटची तीन मिनिटं वहीत पाच ओळी लिहा : कोण कुठे आहे, त्याला काय कळलं आहे, काय अजून कळलेलं नाही, पुढचा प्रसंग कोणता, त्याचं पहिलं वाक्य काय. खंड पडल्यावर या पाच ओळी आणि शेवटची दोन पानं वाचून लिहायला लागा. सुरुवातीपासून वाचायला घेतलंत तर मिळालेला पाऊण तास त्यातच जाईल, वर दुरुस्त्या सुरू होतील.

लिहिण्याचं त्राण नसेल त्या दिवशी तक्ता भरा : पात्राचं जन्मसाल, प्रत्येक प्रकरणाचं वर्ष आणि महिना, तेव्हाचं पात्राचं वय, सण, पाऊसपाणी. अकरा महिन्यांचं गरोदरपण आणि शिमग्यात भातलावणी या चुका अशाच दिवशी पकडल्या जातात. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय संवादांसाठी वापरून बघा. निवेदनासाठी ती फारशी कामाची नाही, कारण बोलताना वाक्यं सैल होतात. विरामचिन्हं येत नाहीत, विशेषनामांचं काहीही होतं, ‘ण’ आणि ‘न’ची अदलाबदल होते. त्याच रात्री शुद्ध केलं नाही तर चार दिवसांनी आपलंच वाक्य आपल्याला लागत नाही.

आणखी एक. हरी नारायण आपट्यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात त्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं आल्या. हप्ता द्यायचाच असतो, म्हणून लिहिला जातो. तुम्ही एक वाचक ठरवा, मैत्रीण, सहकारी, कोणीही, आणि दर पंधरा दिवसांनी तिला एक हप्ता द्या. तिनं अभिप्राय द्यायचा नाही, फक्त पुढचा हप्ता मागायचा. (आपट्यांच्याही काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या, हे जाता जाता.)

प्रश्न : कादंबरी पूर्ण केली, चार प्रकाशकांना पाठवली. दोघांकडून साभार परत, एकाकडून काहीच नाही. चौथ्यानं आधी पूर्ण हस्तलिखित मागवलं आणि मग ‘आमच्या योजनेत बसत नाही’ असं कळवलं. आता पुन्हा पाठवायचा धीर होत नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चार नकार एकाच मापानं मोजू नका. तुमच्या पत्रात एक चांगली बातमी आहे आणि ती तुमच्याच लक्षात आलेली दिसत नाही : चौथ्यानं पूर्ण हस्तलिखित मागवलं. म्हणजे सारांश आणि नमुना प्रकरणं वाचून त्याला पुढे वाचावंसं वाटलं.

नकार कुठल्या टप्प्यावर येतो यावरून दोष कुठे शोधायचा ते ठरतं. नमुना प्रकरणांवरच सगळीकडून नकार येत असेल, तर पहिली चाळीस पानं किंवा सारांश तपासा, पुढच्या दोनशे पानांना हात लावू नका. पूर्ण वाचून नकार आला, तर सुरुवात ठीक आहे. मध्य किंवा शेवट बघा. नुसतं मौन असेल, तर त्याचा अर्थ लावू नका. छोट्या प्रकाशनसंस्थांत वाचणारा माणूस एकच असतो आणि बिलं, मुद्रितं, विक्री हेही तोच बघतो. दोन-तीन महिन्यांनी एक विनम्र स्मरणपत्र पाठवा. त्यानंतर महिन्याभरात काही कळलं नाही तर पुढे चला. ‘योजनेत बसत नाही’ हे छापील वाक्य आहे, त्याखाली अर्थ शोधण्यात रात्री घालवू नका. मात्र नकारात तुमच्या कादंबरीपुरतं एक जरी वाक्य असेल, ‘आईचं पात्र मध्येच नाहीसं होतं’ असलं काही, तर कोणीतरी तिथपर्यंत वाचलं आहे. आणि ‘दुरुस्त करून पुन्हा दाखवा’ असं म्हटलं असेल तर तो नकारच नाही. अशी पत्रं अपमान समजून फाडणारे लेखक थोडे नसतात.

पाठवण्यातही चुका होतात. काय पाठवायचं, ते सांगतो. एका पानाचं पत्र : कादंबरी कशाबद्दल, किती शब्दांची, तुम्ही कोण. ‘नातेवाइकांना फार आवडली’ हे त्यात नको. मग ६०० ते ८०० शब्दांचा सारांश, शेवटासकट. ‘पुढे काय होतं ते वाचूनच बघा’ असं लिहिलेला सारांश संपादकाच्या काहीच कामाचा नसतो. मग पहिली तीन प्रकरणं किंवा चाळीस-पन्नास पानं. मधली ‘सर्वांत उत्तम’ प्रकरणं निवडून पाठवू नका, वाचक पुस्तक पहिल्या पानापासून उघडतो. मजकूर युनिकोडमध्ये, १२ किंवा १४ पॉइंट, दीड ओळीचं अंतर, पृष्ठक्रमांक, प्रत्येक पानावर शीर्षक. वर्डची फाइल आणि पीडीएफ दोन्ही जोडा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलं असेल तर ते दुसऱ्याच्या संगणकावर नुसती अक्षरांची रांग दिसू शकते. रूपांतर केलंत तर रफार, ‘ऱ्या’, ‘ॲ’ आणि जोडाक्षरं एकेक करून तपासा. रूपांतर सगळ्यात जास्त तिथेच बिघडतं.

पाठवण्याआधी त्या प्रकाशकाची अलीकडची यादी बघा. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी नव्या लेखकाची कादंबरी काढली आहे का? जिथे फक्त अनुवाद आणि चरित्रं येतात, तिथून आलेला नकार तुमच्या कादंबरीबद्दल काहीच सांगत नाही. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाठवलं असेल तर पत्रात स्पष्ट लिहा, आणि एकाचा होकार आला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. जे प्रकाशक दिवाळी अंकही काढतात त्यांच्याकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत नवं हस्तलिखित वाचायला कोणाला उसंत नसते.

राहिला धीर. एक तक्ता करा : प्रकाशक, पाठवल्याची तारीख, काय पाठवलं, उत्तर, पुढची तारीख. पहिल्या ठिकाणी पाठवतानाच दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणाची नावं लिहून ठेवा, म्हणजे नकाराच्या दिवशी निर्णय घ्यावा लागत नाही, फक्त पाकीट पुढे सरकवायचं असतं. प्रत्येक नकारानंतर कादंबरी बदलायची नाही. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच जागेवर बोट ठेवलं, तर बदलायची.

नकारावर रागवायचं असेल तर आपल्याकडे त्याचीही परंपरा आहे. १९६९मध्ये तरुण लेखकांनी ‘सत्यकथा’ या प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिकाच्या अंकाची होळी केली होती. पण त्याच पिढीनं लघुअनियतकालिकंही, म्हणजे जमेल तेव्हा निघणारी स्वतःची छोटी नियतकालिकं, चालवली, हे विसरू नये.

प्रश्न : एका प्रकाशकानं कादंबरी ‘स्वीकारली’ आणि छपाईसाठी पैसे मागितले. पैसे दिले नाहीत तर पुस्तक येणारच नाही अशी भीती वाटते. द्यावेत का?
— एक वाचिका, नांदेड

उत्तर : जो पैसे घेऊन छापतो त्यानं तुमची कादंबरी निवडलेली नाही, तुम्ही त्याची सेवा विकत घेत आहात. तसं करण्यात कमीपणा नाही. फक्त त्याला स्वीकार समजू नका आणि सेवेचा हिशेब मागा.

छपाईचा हिशेब फॉर्मवर, म्हणजे सोळा पानांच्या गठ्ठ्यावर, होतो; २४० पानं म्हणजे १५ फॉर्म. खर्चाची बाबवार यादी लेखी घ्या : अक्षरजुळणी, मुद्रितशोधन (किती वाचनं?), संपादन, मुखपृष्ठ, कागद (किती जीएसएम, म्हणजे किती वजनाचा?), छपाई, बांधणी. संपादनापुढे आकडा नसेल तर संपादन होणार नाही, असंच समजा. किती प्रती छापणार आणि त्यातल्या तुमच्या किती? उरलेल्या विकणार कोण? पाचशे प्रती छापून चारशे तुमच्या घरी आणून टाकल्या, तर विक्रीचं काम तुमच्याच गळ्यात पडलं. विक्रेता आणि वितरक छापील किमतीवर एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत सवलत घेतात. ‘अमुक प्रती विकल्या की पैसे वसूल’ हे गणित छापील किमतीवर मांडून दाखवलं असेल तर ते चुकीचं आहे.

नेहमीच्या व्यवहारात प्रकाशक खर्च करतो आणि लेखकाला छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास मानधन देतो. ३५० रुपयांच्या पुस्तकाच्या ५०० प्रती संपल्या तर तुमच्या हाती १७,५०० रुपये येतील. नोकरी सोडण्याचा विचार मनात असेल तर हा आकडा डोळ्यांपुढे असू द्या.

करार दोन्ही प्रकारांत हवा. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १९नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि तुमच्या सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही नसेल तेव्हा, ते संपतात. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ या चार-दोन शब्दांवर सही करू नका. छापील आवृत्ती, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट, प्रत्येकाची वेगळी ओळ मागा. पहिल्या कादंबरीचे चित्रपट हक्क सहज देऊन टाकलेले लेखक पुढे हळहळतात.

पैसे देण्याआधी एक दार ठोठावून बघा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांच्या पहिल्या प्रकाशनाला तिच्यातून अनुदान मिळतं आणि कादंबरी त्यात येते. अर्जाची मुदत आणि अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा. क्रम महत्त्वाचा आहे : घाईनं स्वखर्चाचं पुस्तक काढलंत की ‘पहिलं पुस्तक’ ही पात्रता गेली. स्वतःच काढायचं ठरलं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, लेखक स्वतः अर्ज करू शकतो. त्याचे पैसे कोणी लावले असतील तर बाकीची यादीही पुन्हा तपासा.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे. मोठ्या लेखकांच्या कादंबऱ्या वाचल्या की स्वतःचं लिहिलेलं पोरकट वाटतं. ‘कोसला’ पंचविशीत लिहिली गेली असं ऐकतो. माझ्याकडे दोन वर्षं आहेत, असं मित्र चेष्टेनं म्हणतात.
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : मित्रांना पुढच्या तारखाही सांगा. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३मध्ये आली, पंचविशीत. त्यानंतरची ‘बिढार’ १९७५मध्ये. ‘हिंदू’चा पहिला भाग २०१०मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. एकाच लेखकाच्या तीन पुस्तकांतून वेळापत्रक निघत नाही, मग त्यावरून तुमचं कसं काढणार?

तुम्ही तुमचा खर्डा दुसऱ्याच्या छापून आलेल्या आवृत्तीशी ताडून बघता आहात. मध्ये किती पानं फाडली गेली ते तुम्हाला दिसत नाही. त्यापेक्षा ज्या कादंबरीनं तुम्हाला खाली बसवलं, तिचं एकच प्रकरण घ्या आणि पेन्सिलनं मोजा. किती प्रसंग? संवाद किती ओळी, निवेदन किती? काळ कुठे उडी मारतो आणि ती उडी कुठल्या शब्दावर घेतो? पात्र पहिल्यांदा येतं तेव्हा त्याचं वर्णन किती वाक्यांत? दोन पानं हातानं उतरवून काढा, वाक्यं कुठे तुटतात ते हाताला कळतं. मग स्वतःच्या प्रकरणाचं असंच करा. ‘माझं पोरकट आहे’च्या जागी ‘माझ्या प्रकरणात संवाद जवळजवळ नाहीत आणि प्रत्येक पात्र आल्याबरोबर त्याच्या नाकाडोळ्यांचं वर्णन दहा ओळी चालतं’ असं काहीतरी हाती येईल. याच्यावर उद्या सकाळी काम करता येतं.

खर्डा चालू असताना त्याच जातीची कादंबरी वाचू नका. चोरी होते आणि कळतही नाही. इतिहास, गॅझेटिअर, प्रवासवर्णनं वाचा.

प्रश्न : माझ्या कादंबरीतले संवाद वऱ्हाडीत आहेत. पुण्याच्या एका जाणकारांनी सांगितलं, ‘वाचकाला अडखळायला होतं, प्रमाण मराठी करा.’ तेव्हापासून एक ओळ लिहिलेली नाही.
— एक वाचक, अमरावती

उत्तर : उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६०ची. वऱ्हाडी बोलणारी माणसं मराठी वाचकानं तेव्हाच स्वीकारली आहेत, तेव्हा बोली ठेवावी की नाही हा प्रश्न आमच्या मते निकालात निघालेला आहे. पण जाणकारांचं ‘अडखळलो’ हे झटकू नका. उपाय चुकीचा सांगितला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ते कुठे अडखळले, त्या पानांचे क्रमांक मागा.

बोलीतल्या मजकुरात वाचक शब्दांपेक्षा लेखनातल्या विसंगतीला जास्त अडखळतो. एकाच पात्राच्या तोंडी ‘राहिला’, ‘राह्यला’ आणि ‘रायला’ तीन पानांत तीन प्रकारे आलं, तर डोळा दरवेळी थांबतो. म्हणून एक शब्दयादी करा. मले, तुले, काहून, येऊन रायला, जे काही असेल त्याचं एकच लेखन ठरवा आणि ‘शोधा व बदला’ लावून सगळीकडे तेच करा. उच्चाराची प्रत्येक छटा अक्षरात आणायचा हट्ट सोडा. क्रियापदांची रूपं, विभक्तीचे प्रत्यय आणि वाक्याचा हेल राखला की बोली उभी राहते. अनोळखी शब्द पहिल्यांदा येतो तिथे तो हातातल्या वस्तूशी किंवा कृतीशी बांधा, मागे शब्दार्थांची यादी जोडावी लागणार नाही. पात्रागणिक फरकही हवा : तालुक्याला शिकलेली मुलगी, तिची आजी आणि तलाठी एकच बोली बोलत नाहीत. निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं की बोलीत, हे मात्र पहिल्या दहा पानांत ठरवून मग मोडायचं नाही.

यापुढे अभिप्राय घेताना तीनच वाचक निवडा, त्यातला एक तुमच्या बोलीचा आणि एक बाहेरचा. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. कुठे थांबलात, कुठली पानं चाळलीत, कुठे कळलं नाही, ते विचारा. तिघांपैकी दोघांनी एकच पान सांगितलं तर ते पान बघायचं, त्यांनी सुचवलेला उपाय नाही.

प्रश्न : सहा वर्षं एकाच कादंबरीवर आहे. सोडून द्यावी हे कसं ठरवायचं?
— एक वाचिका, पणजी

उत्तर : नकाराच्या आठवड्यात ठरवायचं नाही. सहा आठवडे फाइल बंद ठेवा, मग छापील प्रत घेऊन दोन बैठकांत वाचून काढा. दुरुस्त्या नकोत, फक्त समासात टिंब : जिथे पुढे वाचावंसं वाटलं तिथे एक, जिथे कंटाळा आला तिथे दोन. वाचून झाल्यावर, प्रत न बघता, कादंबरीत कोणाचं काय पणाला लागलं आहे ते दोन वाक्यांत लिहा.

वाक्यं लिहिता आली आणि दुहेरी टिंबं काही प्रकरणांत एकत्र आली असतील, तर ती प्रकरणं काढून जोड लावा. काम काही महिन्यांचं आहे. दुहेरी टिंबं सगळीकडे विखुरली असतील, पण वाक्यं ठणठणीत असतील, तर जुनी प्रत कपाटात ठेवून प्रसंगयादीवरून नव्यानं लिहा. जुन्या वाक्यांची डागडुजी करण्यापेक्षा ते लवकर होतं. वाक्यंच लिहिता आली नाहीत, किंवा लिहिली आणि तुमचं तुम्हालाच त्यात काही राहिलेलं वाटलं नाही, तर सोडा. सहा वर्षांपूर्वीचा प्रश्न तुमच्यापुरता सुटला असेल, तसं होतं.

सोडताना एकेरी टिंबांची पानं वेगळी काढा. त्यात सलग आठ-दहा हजार शब्दांचा, एकाच पात्राभोवतीचा भाग सापडला तर तो दीर्घकथा म्हणून उभा राहतो का बघा. दीर्घकथेला आणि लघुकादंबरीला दिवाळी अंकांत अजून जागा आहे. त्यासाठी मजकूर मे-जूनमध्ये संपादकांच्या हाती पडलेला बरा, आणि पाठवण्याआधी त्या अंकाची शब्दमर्यादा फोन करून विचारून घ्या.